कातळाला पडवी

“मॅडम, तुम्ही स्वतः रोज कातळ वापरता का?”

प्रश्न अलिझाच्या तोंडून निघाला, पण तो तिचा नव्हता. मधल्या सुट्टीत आरोही आणि आफरीन या तिच्या दोन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात बांधला होता. “तू मॅडमची लाडकी, तुला ओरडणार नाहीत,” असं आरोही म्हणाली होती, आणि आफरीनने डबा बंद करता करता भर घातली होती, “नाही विचारणार ती. हिंमत लागते.” अकरावीत आल्यापासून अलिझासमोर हिंमतीचं नाव काढणं म्हणजे मांजरासमोर बांगडा ठेवण्यासारखं झालं होतं.

योगिनी मॅडम एका जुन्या संगणकाचं झाकण उघडून बसल्या होत्या. तोंडात दोन स्क्रू, हातात पेचकस. त्यांनी स्क्रू तोंडातून काढले, टेबलावर एकाशेजारी एक ठेवले.

“नाही,” त्या म्हणाल्या.



“दोन दिवस वापरलं. तिसऱ्या दिवशी भावाच्या लग्नाच्या पत्रिकेतला कार्यालयाचा पत्ता उचलून आत्याच्या पत्रात टाकायचा होता. एवढंच काम. सतरा पायऱ्या झाल्या. मग मी गपचूप दुसरा लॅपटॉप उघडला. प्रबंधही त्याच्यावरच लिहिते.”

मागे आरोहीने आफरीनला कोपर मारलं. पैज जिंकूनही अलिझाला हसू आलं नाही. घरातली गोष्ट कुणीतरी चारचौघांत सांगून टाकावी तसं तिला झालं.

कातळ ही योगिनी मॅडमची पाच वर्षांची मेहनत होती. संगणक चालू झाला की सगळ्या प्रोग्रॅमना वागवणारी, कुणाला काय द्यायचं नि काय नाही ते ठरवणारी जी मुळातली यंत्रणा असते, ती ऑपरेटिंग सिस्टिम त्यांनी स्वतःची लिहिली होती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत, पीएचडीसाठी. आता प्रबंध पुरा करायला त्या रत्नागिरीत आईवडिलांकडे राहत होत्या, आणि दर शनिवारी दुपारी शाळेच्या संगणक कक्षात, भंगारात निघालेल्या सहा यंत्रांवर, अकरावीच्या सात-आठ मुलींना कातळ शिकवत होत्या.

कातळाचा नियम एकच: कुणालाही काहीही आपोआप मिळत नाही. साध्या संगणकावर एखादा प्रोग्रॅम उघडला की तो जावयासारखा घरभर फिरतो, हे कपाट उघड, तो डबा हुंग. कातळावर प्रोग्रॅम जन्माला येतो तो रिकाम्या हातांनी. त्याला पडदा हवा असेल तर पडदा द्यायचा, कळफलक हवा तर कळफलक, फाइल हवी तर ती एकच फाइल. काम झालं की परत घ्यायचं. दोनच आज्ञा, ‘दे’ आणि ‘काढ’. एखादा प्रोग्रॅम चोर निघाला तरी हातात दिलेलं सोडून बाकी कशाला धक्का नाही. हे मॅडमनी नुसतं म्हटलं नव्हतं, तीन पानांत गणिताने सिद्ध केलं होतं.

अख्खं कातळ तीन हजार नऊशे ओळींचं. अलिझाने ते दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. शहराच्या वरच्या सड्यावर, त्या खडकाळ पठारावर, उभं राहिलं की चहूकडे उघडा जांभा दिसतो, कुठे झुडूप नाही, आडोसा नाही, नजर थेट समुद्रापर्यंत जाते, तसं तिला वाटलं होतं. एवढी मोठी वस्तू, आणि तिच्यात लपवलेलं काहीच नाही. शाळेत इतकं स्वच्छ तिला कधी काही भेटलं नव्हतं, गणितसुद्धा नाही. त्यानंतर मॅडमच्या डाव्या हाताचं स्टूल अलिझाचं झालं. ते तिला कुणी दिलं नव्हतं, पण त्यावर दुसरं कुणी बसतही नव्हतं.

“प्रश्न बरोबर आहे,” मॅडम त्या दिवशी म्हणाल्या. “मी वापरत नाही, तुम्हीही धडा झाला की बंद करता. तर आजपासून भिंतीवरचं ‘उधाण’ कातळावर करायचं. लेख, कविता, बातम्या, सगळं. बघू कुठे टोचतं.”

‘उधाण’ हे शाळेचं भित्तिपत्रक होतं. आणि टोचलं ते पहिल्याच आठवड्यात. आठ मुलींचे आठ लेख एका पानात आणायचे म्हणजे प्रत्येक परिच्छेदासाठी एका प्रोग्रॅमकडून फाइल काढायची, दुसऱ्याला द्यायची, त्याच्याकडून काढायची, परत पहिल्याला द्यायची. आरोहीने कवितेची चारच कडवी ठेवली, कारण पाचवं आणण्याचा तिला कंटाळा आला. आफरीन मधल्या सुट्टीत मोबाइलवर लिहू लागली. एकटी अलिझा न चुकता देत होती आणि काढत होती. तिची बोटं आता त्या दोन आज्ञा न बघता मारत. इतरांना जमत नाही यात कातळाचा दोष काय, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं. पोहता येत नाही म्हणून कुणी समुद्राला नावं ठेवतं का?

चौथ्या शनिवारी संस्कृती बोलली.

संस्कृती सावर्ड्याची. रत्नागिरीत आत्याकडे राहून शिकायची आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी जायची. वडील काशीराम लोट्याच्या कारखान्यात पाळीवर होते. वर्गात ती इतकी कमी बोलायची की जीवशास्त्राच्या सरांनी तिची दोनदा गैरहजेरी लावली होती, ती समोर बसलेली असताना.

“मॅडम, ह्या घराला पडवी नाय?” तिने विचारलं.

“कुठल्या घराला?”

“कातळाला. आमच्याकडं पडवीवर कोणपण येतं. पोस्टमन बसतो, शेजारची काकी कढीपत्ता ठेवून जाते, बाबा कंपनीच्या बसमधून उतरले की डबा तिथंच ठेवतात. कोण विचारत नाय. पण माजघरात विचारल्याशिवाय कोण जात नाय. कातळावर सगळी माजघरंच आहेत. भाइर टेकायला जागाच नाय.”

 योगिनी मॅडम हसल्या, आणि ते हसू अलिझाने याआधी पाहिलेलं नव्हतं. डाव्या हाताच्या स्टुलावर बसून तीन महिन्यांत तिने मॅडमचं एकेक हसू मोजलं होतं.

“पडवी म्हणजे भोक आहे,” अलिझा म्हणाली. “तिथे ठेवलेलं सगळ्यांना दिसणार.”

“दिसणारच,” संस्कृती म्हणाली. “पडवी ती.”

दोन आठवड्यांत तिने ती बांधली. दोनशे बारा ओळी, आणि काय त्या ओळी. नावं काय, तर अ, अअ, अअअ. मॅडमनी त्या अलिझाला तपासायला दिल्या तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. एखाद्याच्या वहीत लाल शाईने लिहायची संधी रोज मिळत नाही. तिने अकरा चुका काढल्या, प्रत्येकीला क्रमांक दिला, खाली रेघ मारली. सोमवारी संस्कृतीने अकराच्या अकरा सुधारून आणल्या, आणि वर सालीच्या चिकाने काळ्या पडलेल्या बोटांनी ओल्या काजूगरांची पुडी पुढे केली.

“आईनं दिलेत. तू एवढं बघितलंस म्हणून.”

काजूगर गोड होते. अलिझाला ते तिखट असते तर बरं झालं असतं.

पडद्याच्या तळाशी आता एक करडी पट्टी आली. लेखातला तुकडा उचलून पट्टीवर टाकायचा, दुसरीकडे उचलून घ्यायचा. दोन पायऱ्या. ‘उधाण’चा फेब्रुवारीचा अंक एका दुपारीत लागला. आरोहीची कविता नऊ कडव्यांची झाली, ते एक नुकसानच म्हणायचं. मुली मधल्या सुट्टीत संगणक कक्षात येऊ लागल्या, आणि गैरहजेरीवाली संस्कृती चार नंबरच्या यंत्रावर बसलेली असली की तिच्याभोवती खुर्च्या ओढल्या जाऊ लागल्या.

“गो संस्कृती, हे कसं करायचं?”

“गो संस्कृती, माझं पडवीवरून गेलं कुठं?”

मत्सर पोटात होतो असं अलिझाने वाचलं होतं. तिला तो कानात होत होता. कक्षाच्या दुसऱ्या टोकाला कुणी ‘संस्कृती’ म्हटलं तरी तिला ऐकू येई. समोर बसलेली आफरीन काय बोलली ते मात्र दोनदा विचारावं लागे.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मॅडम स्वतःचा लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांनी तो उघडला तेव्हा अलिझा शेजारीच होती. रोजचं रंगीत चित्र नव्हतं. कातळाचा कोरा पडदा होता, आणि तळाशी करडी पट्टी. पट्टीवर प्रबंधाचा अर्धा परिच्छेद, डॉक्टरांची वेळ आणि कसल्यातरी लोणच्याची कृती पडली होती.

“तुम्ही कातळावर?” अलिझाने विचारलं.

“अकरा दिवस झाले,” मॅडम म्हणाल्या. “सिद्धता मात्र मोडली माझी. तीन पानांची होती, आता पडवीमुळे सव्वीस पानं झालीत आणि अजून जुळत नाहीये. पण काय आहे, अलिझा, घर स्वच्छ ठेवणं सोपं असतं, त्यात कुणी राहत नसेल तर.”

अलिझाने मान हलवली. तिने ते घर दोनदा वाचलं होतं, त्याची एकेक वीट तिला पाठ होती, आणि तरी मॅडम तिथे राहायला आल्या नव्हत्या. दोनशे बारा ओळींनी आल्या.

संस्थेत दर उन्हाळ्यात सहा आठवड्यांसाठी एका शाळकरी मुलाला किंवा मुलीला बोलावत, आणि यंदा नाव सुचवायचा मान योगिनी मॅडमचा होता. हे नोव्हेंबरपासून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते नाव कुणाचं असणार हेही. अलिझाने स्वतःच ते इतकं सांगितलं होतं की ते ठरल्यासारखंच झालं होतं. तिचे अब्बा जैनुद्दीन दोहाला बारा वर्षं काढून आलेले, आता मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचे. ‘मुलीला एकटीला पुण्याला?’ इथून सुरू झालेलं त्यांचं मन महिनाभराने वळलं होतं, ते कोंढव्याला अम्मीची बहीण राहते म्हणून. “माझ्या खालाकडे मोठी खोली आहे, खिडकीतून डोंगर दिसतो,” हे वर्गातल्या भिंतींनाही पाठ झालं असेल.

पंधरा मार्चला मॅडमनी तिला वर्गाबाहेर बोलावलं.

“मी संस्कृतीचं नाव पाठवलंय. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून सांगते. दुसरं नाव तुझं आहे.”

अलिझा कठड्यावरच्या वाळलेल्या शेवाळाकडे बघत होती.

“कातळ तुला माझ्याइतकं कळतं,” मॅडम म्हणाल्या. “पण तिथे माझ्यासारखी आणखी एक नेऊन काय करू?”

हे शब्द मॅडमनी कौतुकाने म्हटले असावेत. अलिझाने ते घरी नेले आणि कुणाला दाखवले नाहीत. अम्मीने विचारलं तेव्हा, “यादी लागायची आहे,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हाही तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी अम्मीने विचारलं नाही, कारण तिने लेकीच्या दोन कुर्त्यांचं कापड आणून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात अलिझाने घड्याळ लिहिलं.

कातळाची नवी आवृत्ती सहाही यंत्रांवर चढवायचं काम तिच्याकडे होतं. तिने त्यात एक घड्याळ घातलं, पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दाखवणारं, गरीब दिसणारं. पण पडवी सगळ्यांना मोकळी, म्हणजे घड्याळालाही मोकळी. दर सेकंदाला वेळ बदलता बदलता ते पडवीवर पडलेलं वाचायचं, आणि स्वतःजवळ नकल ठेवायचं. मालकिणीने वस्तू उचलून घरात नेली तरी नकल घड्याळाकडे राहायची. मुली समजत होत्या की पडवीवरून उचललं म्हणजे गेलं. जात नव्हतं. वीसच ओळी होत्या, आणि सुंदर होत्या. आठवडाभर माल साठू द्यायचा आणि शनिवारी सगळ्यांसमोर, मॅडमसमोर, मोठ्या पडद्यावर ओतायचा, असा बेत होता. तिला खोटं काहीच बोलायचं नव्हतं. भोक खरंच होतं.

“बरं झालं घड्याळ आलं,” आफरीन म्हणाली. “घंटेला किती उरली ते कळतं.”

बुधवारी मधल्या सुट्टीत संस्कृती अलिझाच्या बाकाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ नुसती उभी.

“काय?” अलिझा म्हणाली.

“तुझ्याकडं पट्टी आहे?”

“नाही.”

पट्टी कंपासपेटीच्या बाहेर, दोघींच्या मधोमध पडली होती. संस्कृतीने ती पाहिली, आणि ती निघून गेली.

शुक्रवारी शेवटचा तास मोकळा होता. अलिझा एकटीच कक्षात आली आणि एकेका यंत्रावरच्या घड्याळाचं पोट उघडत गेली. एक नंबरवर आरोहीचा निबंध होता, कुठूनतरी जसाच्या तसा उचललेला, मूळ लिहिणाऱ्याच्या आजोळच्या गावासकट. दोनवर आफरीनने मामेबहिणीच्या नवऱ्याबद्दल लिहिलेलं काहीतरी होतं, ते अलिझाने चवीने वाचलं. तीन तिचं स्वतःचं. ते तिने उगाचच उघडलं. त्यात एका आठवड्याच्या एकशे चार नकला निघाल्या, सगळ्या यंत्रांत जास्त. तिची बोटं कधीपासून पट्टीकडे जायला लागली होती ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. तिने ते झटकन बंद केलं, कक्षात कुणी नसतानाही मागे वळून पाहिलं, आणि चार नंबरकडे वळली.

चारवर एक पत्र होतं. तीनदा लिहिलेलं.

‘आदरणीय योगिनी मॅडम यांस,’ पहिलं सुरू होत होतं. ‘मला पुण्याला येता येणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलींना वसतिगृह मिळत नाही असं संस्थेने कळवलं आहे. पुण्यातल्या ओळखीच्या घराचा पत्ता सोमवारपर्यंत मागितला आहे. आमचं सगळं गणगोत मुंबईत आहे. दोन काका लालबागला, मावशी नालासोपाऱ्याला. पुण्यात आमचं कोणी नाही. बाबा म्हणाले, ओळखीचं घर असेल तर पाठवतो. अलिझाची खाला कोंढव्याला राहते. तिला विचारून बघावं असं मनात आहे. बुधवारी विचारते.’

दुसरं बुधवारी दुपारचं होतं. त्यात ‘पुण्यात आमचं कोणी नाही’ यानंतर काही नव्हतं.

तिसरं त्याच दिवशीचं, सुवाच्य. ‘तरी माझ्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव घ्यावं ही विनंती. हे पत्र शनिवारी तुम्हाला देत आहे.’

अलिझाने तिन्ही पुन्हा वाचली, जशी एखादी चूक शोधायला ओळी वाचतात तशी. चूक सापडली नाही. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली ओढत नेली. कोपऱ्यातलं घड्याळ वेळ दाखवत होतं, चार वाजून दहा, अकरा, बारा.

काहीच करायचं नव्हतं. खरंच काही नाही. उद्या संस्कृती पत्र देईल, मॅडम दुसरं नाव घेतील, दुसरं नाव ठरलेलंच आहे. घड्याळ दाखवायचीही गरज नाही. कुणी कुणाला फसवलेलं नसेल. तिला कुणी विचारलं नव्हतं, मग नाही म्हणायचा प्रश्न कुठे येतो? इतकं नीटनेटकं सगळं जुळलं होतं की त्यातली एक ओळही इकडची तिकडे करावी लागत नव्हती.

तिने सहाही यंत्रांवरून घड्याळ काढलं. नकलाही काढल्या. मग दप्तर पाठीला लावून ती निघाली, आणि नेहमीचा रिक्षास्टँड सोडून चालतच उतार उतरली.

घरी पुढच्या खोलीत अम्मी, रझिया, वर्तमानपत्रावर सुकट पसरून निवडत बसली होती. खुर्चीवर नवी निळी बॅग होती, चाकांची, दांड्याला अजून पुठ्ठ्याचं लेबल. अब्बा तिचा दांडा वर करत होते, खाली करत होते.

“बघ, एका हाताने ओढली जाते,” ते म्हणाले. “पुणे स्टेशनवर हमाल लागायचा नाही. चाकं पारखून घेतलीत. बेअरिंग चांगलं आहे.”

“अब्बा, बसा जरा.”

“बसतो. आधी ओढून बघ.”

अलिझाने बॅग ओढून पाहिली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खरंच चांगली होती. ती तिने पुन्हा खुर्चीशी आणून उभी केली.

“जागा मला मिळाली नाही,” ती म्हणाली. “संस्कृतीला मिळालीय. यादीबिदी काही लागायची नव्हती. मला पंधरा दिवस माहीत आहे.”

अम्मीचा हात सुकटीत थांबला. अब्बांनी बॅगेकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग पुन्हा बॅगेकडे. जेटीवर इंजिन उघडल्यावर ते असंच आधी नजरेने तपासून घेत.

“परत घेईल तो दुकानवाला,” ते शेवटी म्हणाले. “लेबल काढलेलं नाही.”

“परत नाही करायची. मी खालाकडे जाणार आहे. संस्कृती पण येणार माझ्याबरोबर. सहा आठवडे. ती संस्थेत जाईल, मी घरी माझा अभ्यास करीन.”

“हे कोणी ठरवलं?”

“मी. आत्ता. उतरताना.”

“अगं पण ती जायची तर जाऊ दे,” अम्मी म्हणाली. “खाला ठेवून घेईल, ती कुणाला नाही म्हणते? पण तू कशाला मे महिना तिथे तापत बसणार, दुसऱ्याच्या मुलीपायी?”

“तिच्या बाबांना ओळखीचं घर हवंय. खाला त्यांच्या ओळखीची नाही. मी असले तर ओळखीचं होईल.”

अम्मीने सुकटीतला एक खडा उचलला आणि वर्तमानपत्राच्या कडेला ठेवला. “तिने विचारलं तुला?”

“नाही.”

“मग तुला कसं कळलं?”

अलिझा खाली बसली. तिने सुकटीची एक मूठ आपल्यापुढे ओढून घेतली आणि निवडायला लागली. हे काम तिला आवडत नसे, बोटांना वास राहतो म्हणून.

“ते उद्या सकाळी आधी तिला सांगणार आहे. तिने पत्र द्यायच्या आत. ती भांडेल, आणि मला ऐकून घ्यावं लागेल. मग मॅडमना सांगेन. तुम्हाला त्याच्यानंतर.”

अब्बांनी दांडा खाली दाबला. तो कट आवाज करून आत बसला.

“पत्ता सोमवारपर्यंत द्यायचाय,” अलिझा म्हणाली. “खालाला आजच फोन करा, अब्बा. सांगा दोघी येतोय. दुसरी सोमवारी आणि गुरुवारी मासे खात नाही, बाकी सगळं खाते.” तिने हातातला खडा अम्मीच्या खड्याशेजारी ठेवला. “आणि ती मला आवडत नाही. अजून तरी नाही. पण हे खालाला सांगू नका.”